रुपालीचे फोन खाणारं अपडेट

१२ जानेवारी, रविवार. सकाळ.

साडेदहा वाजून गेले. फोन आला नाही.

आजपासून नोंद ठेवतोय. टेलिफोन खात्यात उभं आयुष्य काढलं, लोणावळा एक्स्चेंजला कुठलाही फॉल्ट माझ्या हातून सुटला नाही, आणि फॉल्टचा तपास नोंदीपासून सुरू होतो हे नव्या पोरांना मीच शिकवत आलो. खातं माणसाला व्हीआरएस देऊन घरी बसवतं, अक्कल काढून घेत नाही.

तक्रार: धाकटी बहीण रुपाली, राहणार कामशेत, अंगणवाडी सेविका. हिचा दर रविवारी सकाळी येणारा कॉल दिवाळीपासून येत नाही. आधी आई तिच्याकडे असायची, तेव्हा आईशी बोलणं व्हावं म्हणून ती लावायची. गेल्या वर्षी आई गेली, तरी तिनं चालू ठेवला होता. जय भीम दादा, जेवलास का, गोळी घेतलीस का, एवढंच. पण यायचा.

कारण उघड आहे. दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझ्या फोनला अपडेट आलं. मी इन्स्टॉल दाबलं, फोन बंद होऊन चालू झाला, आणि तेव्हापासून रुपाली बंद.

त्याच आठवड्यात आम्ही वडगावला रजिस्ट्रेशनसाठी गेलो होतो. बाबांनी कंपनीत राबून परंदवडीला घेतलेली जमीन, तिच्या हक्कसोड पत्रावर रुपालीची सही हवी होती. त्याचा इथं काही संबंध नाही. तारीख लक्षात राहावी म्हणून लिहिलं. सगळ्या बहिणी करतात तशी तिनं सही केली, सगळे करतात तशी मी साडी दिली, मग सगळ्यांना मिसळ खायला घातली. रुपाली म्हणाली भूक नाही. ती लहानपणापासूनच कमी खाते.

संकल्प: अपडेटची फाइल मिळवून ती फोडणे, आतला दोष शोधणे, कंपनीला पुराव्यासह कळवणे. रुपालीला नंतर हसत हसत सांगता येईल की बाई, तुझे फोन कोण खात होतं बघ.

१४ जानेवारी, मंगळवार

बायकोला विश्वासात घ्यावं म्हणून रतनला तपासाची कल्पना दिली. ती तिळाच्या वड्या थापत होती. म्हणाली, एवढं सगळं करण्यापेक्षा तुम्हीच लावा ना ताईंना फोन.

टेस्टिंगचं शास्त्र तिला माहीत नाही. मी लावला तर ते आउटगोइंग झालं. तक्रार इनकमिंगची आहे. शिवाय आमच्यात फोन तिनं करायचा असतो. मी थोरला आहे. असंच चालत आलंय.

मग म्हणाली, कामशेत काय लांब आहे, गाडीवर अर्ध्या तासात जाऊन याल. तिला सांगितलं, आधी एक्स्चेंज तपासतात, मग केबल, मग पोल. ग्राहकाच्या घरी जाणं ही शेवटची पायरी. रतन म्हणाली, काखेत कळसा नि गावाला वळसा. वडीचा तुकडा मात्र दिला नाही.

१९ जानेवारी, रविवार

फोन नाही.

मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. फुकट मिळतं, आणि खरा तंत्रज्ञ लिनक्सवरच काम करतो असं यूट्यूबवरचा एक जण म्हणाला. काळा पडदा उघडला, त्यावर अक्षरं लुकलुकली, आणि एक्स्चेंजमधला जुना टर्मिनल आठवून अगदी भरून आलं. मग त्यानं पासवर्ड मागितला. मी टाइप करतोय तर काहीच उमटेना. कीबोर्ड गेला असं समजून दुरुस्तीला नेला. दुकानदार म्हणाला, काका, लिनक्समध्ये पासवर्ड दिसत नसतो, तो आत जातच असतो. म्हणजे आपण बोलतोय ते पोचतंय की नाही हे त्या बाजूनं कळू द्यायचं नाही. ही काय पद्धत झाली.

संकल्प: रोज दोन तास अभ्यास. चहातली साखर बंद. रुपालीचा विचार करायचा नाही, फक्त फाइलचा करायचा.

२५ जानेवारी, शनिवार

फाइल उतरवली. दिवसभर लागला. घरचं नेट माझ्या एकट्यासाठी ठेवल्यामुळे रतनची मालिका बुडाली. ती काही बोलली नाही, पण भाजीत मीठ नव्हतं.

संध्याकाळी लक्षात आलं की फाइल इंडोनेशियाची आहे. मॉडेल तेच, देश दुसरा. डिलीट केली. इंडोनेशियातल्या बहिणींचं काय असेल ते असो.

चहात साखर घेतली. डोकं चालायला ती लागते.

२ फेब्रुवारी, रविवार

फोन नाही.

भारताची फाइल मिळाली, पण ती लहान निघाली. वाचलं तेव्हा समजलं की अपडेट दोन प्रकारचं असतं. एकात अख्खी सिस्टिम असते. दुसऱ्यात आधीच्या आणि आताच्या सिस्टिममधला फक्त फरक असतो, आणि आधीची जवळ नसेल तर त्या फरकाचा काही उपयोग होत नाही. मला मिळाली ती दुसरी.

विक्कीकडे गेलो. बाजारपेठेत चिक्कीच्या दोन दुकानांच्या मधल्या बोळात त्याचं मोबाइलचं दुकान आहे. त्यानं माझा फोन तपासला. त्याच्या फोनवरून लावला, वाजला. त्याच्या कारागिराच्या फोनवरून लावला, वाजला. म्हणाला, काका, मस्त आहे फोन, कुठं काय बिघडलंय? मी त्याला सांगितलं की हा फॉल्ट निवडक आहे, एकाच ग्राहकापुरता. तो म्हणाला, काका, अपडेटची फाइल सगळ्या जगाला एकच जाते. त्यात कुणाचं नाव-गाव काही नसतं.

पोरगा मेहनती आहे, पण वरवरचं बघतो. तरी मोठी फाइल कुठून घ्यायची ते त्यानंच सांगितलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

रमाई जयंती. रतन कामशेतला महिला मंडळाच्या कार्यक्रमाला गेली होती. रुपाली भेटली. दोघी तासभर बोलत बसल्या म्हणे. माझा विषय निघाला का विचारलं. रतन म्हणाली, नाही.

रुपालीनं सुकटीच्या चटणीचा डबा दिलाय. याचा अर्थ सरळ आहे. राग असता तर माणूस डबा देईल का? राग नाही, म्हणजे फॉल्ट लाइनमध्येच आहे. रतन म्हणाली, डबा मला दिलाय. तिला बारकावे समजत नाहीत.

पूर्वी रुपाली दोन डबे द्यायची. त्यातला एक कमी तिखटाचा, माझ्यासाठी, पित्तामुळे. या वेळी एकच होता. मी खाल्ली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. रतन म्हणाली, सोसत नाही तर खाता कशाला. म्हटलं, चव बघत होतो.

आणखी एक. मी सहीच्या दिवशी दिलेली साडी रतनला तिथं दिसली, पण रुपालीच्या अंगणवाडीतल्या मदतनीस बाईंच्या अंगावर. चांगली वस्तूच आपण दुसऱ्याला देतो. म्हणजे तिला साडी आवडली होती.

१६ फेब्रुवारी, रविवार

फोन नाही. म्हणजे तिचा नाही. गोडाऊनवाल्यांचा आला.

जमीन घ्यायला जे निघालेत ते हे. परंदवडीच्या रस्त्यावर त्यांना गोडाऊन बांधायचंय. रोज फोन करतात. साहेब खरेदीखत कधी करायचं, साहेब तारीख द्या. यांचे कॉल अपडेट खात नाही. रविवारीसुद्धा सोडत नाही. हा पक्षपात फाइलमध्ये कुठं लिहिलाय ते मी शोधल्याशिवाय राहणार नाही.

त्यांना सांगितलं, सध्या तांत्रिक कामात आहे, नंतर बघू. रतननं ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. बघितलं तर बघितलं. मला खरंच वेळ नाही.

मोठी फाइल उतरली. उघडली. आत दोन-चार फुटकळ फाइली आणि एक अगडबंब, नाव पेलोड डॉट बिन. सगळं तिच्याच पोटात आहे. उद्या फोडतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

फुटली नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पेलोडवाली कमांड चालत नाही तोवर दुसऱ्या अंगानं तपास. संशय कामशेतच्या टॉवरवर. तिथून केलेले कॉल माझ्यापर्यंत पोचत नसतील तर?

गाडी काढली, कामशेतला गेलो. स्टेशनजवळ तांदळाच्या पोत्यांचे टेम्पो उभे होते, तिथल्या टपरीवर चहा घेतला आणि टपरीवाल्याला म्हटलं, जरा तुझ्या फोनवरून माझा नंबर लाव. तो म्हणाला, तुमी तर हितंच हाय की समोर. म्हटलं, लाव तर खरं. लावला. वाजला. त्याला वाटलं असणार, ह्या माणसाचं काहीतरी बिनसलंय.

तेवढ्यात समोरून रुपाली आली. खांद्याला अंगणवाडीची पिशवी, हातात कोथिंबिरीची जुडी. केस बरेच पांढरे झालेत तिचे. दिवाळीत एवढे नव्हते, की मी बघितले नव्हते. मी पोत्यांच्या टेम्पोमागे झालो. टेस्ट चालू असताना ग्राहकाला भेटलं की निकाल बिघडतो, हा नियम आहे. ती थांबून टपरीवाल्याशी दोन शब्द बोलली आणि गेली.

मी विचारलं, काय म्हणाली? तो म्हणाला, बाई इचारत व्हत्या, ती गाडी कुनाची उभी हाय.

निष्कर्ष: कामशेतचा टॉवर ठीक आहे.

५ मार्च, बुधवार

पेलोड फुटला! त्याला एक वेगळं अवजार लागतं, ते आणलं, कमांड दिली आणि आतून एकेक इमेज बाहेर पडायला लागली. बूट, व्हेंडर, मॉडेम, सिस्टिम, प्रॉडक्ट. रतनला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, यात ताई कुठं आहेत? तेच तर शोधायचंय, म्हटलं.

मग एक मोठी गोष्ट घडली. स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. रतन फोनवर होती. कोण, विचारलं तर रुपाली. आठवड्यातून दोनदा तरी येतो म्हणे तिचा. मला सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही.

आता बघा. रतनचा फोन आणि माझा फोन एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेले, एकाच मॉडेलचे. माझ्यात अपडेट आहे, तिच्यात नाही, कारण ती कधीच काही इन्स्टॉल दाबत नाही. तिच्याकडे रुपाली येते, माझ्याकडे येत नाही. यापेक्षा धडधडीत पुरावा कुठल्या कोर्टाला पाहिजे? दोन चमचे साखर घालून चहा घेतला.

६ मार्च, गुरुवार

रतन आंघोळीला गेली असताना तिच्या फोनमध्ये अपडेट टाकलं. तिला सांगितलं नाही. सांगितलं तर प्रयोग बिघडतो. आता तिच्याकडेही रुपाली बंद होणार, आणि मग दोघं मिळून कंपनीला लिहू.

तिच्याकडचाही बंद झाला तर तिला वाईट वाटेल हे दुपारी लक्षात आलं. पण काढता येत नाही.

९ मार्च, रविवार. सकाळ.

मला फोन नाही. रतनला आला. नव्या अपडेटवर. काल महिला दिनाचा कार्यक्रम कसा झाला यावर बराच वेळ चाललं होतं. मी दारात उभा होतो. रतननं फोनवर हात ठेवून खुणेनं विचारलं, देऊ का? मी मान हलवली. प्रयोगात ढवळाढवळ नको.

दुपार. मूळ सिद्धांतात थोडी सुधारणा. आमची सिम कार्डं वेगळ्या कंपन्यांची आहेत.

१८ मार्च, मंगळवार

सिस्टिमची इमेज माउंट केली. माउंट म्हणजे ती फाइल लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावल्यासारखी उघडते आणि आतली सगळी कपाटं दिसतात. आधी उघडत नव्हती, मग डिस्क भरली, मग परवानगी नाही म्हणाला. शेवटी उघडली. फक्त बघता येतं, काही बदलता येत नाही. बरं आहे, माझी तेवढीच मागणी आहे.

केवढा पसारा! फोन कसा वाजावा, अक्षर कसं दिसावं, रात्र कधी समजावी, सगळ्याचं लिहून ठेवलंय. कुणीतरी कुठंतरी बसून एवढ्या बारकाईनं दुसऱ्याच्या हातातल्या वस्तूचा विचार केलाय याचं कौतुक वाटलं.

मग शोधाची कमांड दिली. अख्ख्या सिस्टिममध्ये रुपाली हे नाव शोध. मराठीत आणि इंग्रजीत. तो बराच वेळ गरगरत राहिला. मग काहीच न बोलता पुढच्या ओळीवर आला. म्हणजे नाही. कुठेच नाही. माझं नाव टाकलं. तेही नाही.

विक्कीनं सांगितलं होतं तेच. पण त्यानं अंदाजानं सांगितलं, मी तपासून सांगतोय. फरक आहे.

२३ मार्च, रविवार

फोन नाही. पण सापडला! चोर सापडला!

सिस्टिमच्या आत खास अधिकार असलेल्या ॲपचं एक कपाट आहे. त्यात एक ॲप, ब्लॉक्ड नंबर प्रोव्हायडर. नावातच ब्लॉक! न विचारता, न सांगता, माझ्या फोनमध्ये नंबर अडवणारी यंत्रणा बसवली आहे. लगेच कंपनीला पत्र लिहायला घेतलं. मायना झाला, विषय झाला, मग वाटलं आधी विक्कीला दाखवावं, त्यानं मला कमी लेखलं होतं.

विक्की म्हणाला, काका, हे सगळ्याच फोनमध्ये वर्षानुवर्षं आहे. आपण एखाद्याला ब्लॉक केलं की ती यादी यात राहते. त्यानं माझी यादी उघडून दाखवली. रिकामी. मग हळूच म्हणाला, समोरच्यानं तुम्हाला ब्लॉक केलं असेल, तर ते त्यांच्या फोनमध्ये असतं, तुमच्या फाइलमध्ये नाही दिसणार. आणि फोन लावायचाच नसेल कुणाला, तर ते तर कुठल्याच फाइलमध्ये नसतं.

त्याला म्हटलं, तू दुकान बघ.

पत्र अर्धंच राहिलं. विषय नीट बसत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळी परंदवडीला गेलो. पंचशील, ध्वजारोहण, मग दरवर्षीप्रमाणे माझं भाषण. विषयही दरवर्षीचा: बाबासाहेब आणि स्त्रियांचा संपत्तीतला हक्क. मुलीला मुलाइतका वाटा मिळावा म्हणून त्यांनी हिंदू कोड बिल आणलं, ते अडवलं गेलं तेव्हा मंत्रिपदावर पाणी सोडलं, हे मी सांगतो तेव्हा दर वर्षी बायका टाळ्या वाजवतात. यंदा वाजवल्या नाहीत. माइकचा फॉल्ट असावा, ऐकू गेलं नसेल. पण त्या पहिल्याच रांगेत होत्या.

नंतर वस्तीतले जानूआबा काठी टेकत आले. बाबांच्या बरोबरीचे, आता तेवढेच उरलेत. म्हणाले, भाषण लय झ्याक झालं ल्येका. रुपी न्हाई आली व्हय? म्हटलं, तिचा फोन लागत नाही आबा, अपडेटचा घोळ आहे. म्हणाले, आमचा तर लागला. बोलिवलं व्हतं तिला आमी. ती म्हनली, दादाचं भाषाण हाय न्हवं, मग न्हाई येत. आता आईकवत न्हाई मला.

आबांचं वय झालंय. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडी घालतात.

सोमाटण्याच्या पुढं गाडी बाजूला लावून थोडा वेळ उभा राहिलो. इंजिन तापलं होतं.

१६ एप्रिल, बुधवार

ठाम निर्णय. वाद संपवायचा एकच मार्ग आहे. फोनमध्ये दिवाळीच्या आधीचं व्हर्जन परत टाकायचं. जे होतं तसं करायचं. मग फॉल्ट जातो की नाही हे जगाला दिसेल.

रतनला सांगितलं. ती म्हणाली, दिवाळीच्या आधीचं सगळंच परत टाकता येतं का? म्हटलं, फक्त फोनचं. म्हणाली, मग जाऊ द्या.

हल्ली ती अशी अर्धवट बोलते.

१९ एप्रिल, शनिवार

फोन मेला. पडद्यावर कंपनीचं नाव येतं आणि तिथंच अडकतं. मी सगळं वाचून, पायरी पायरीनं केलं होतं. जुनं व्हर्जन टाकायला सिस्टिमचं कुलूप उघडताना फोन काहीतरी मोठं विचारत होता, सगळा डेटा जाईल वगैरे. मी यस दाबलं. आपला डेटा असा काय असतो?

विक्कीकडे नेला. त्यानं दिवसभर बसून जिवंत केला आणि मी म्हटलं तेच जुनं व्हर्जन टाकून दिलं. म्हणाला, काका, एकदा तुमच्या मनासारखं होऊन जाऊ दे. चांगला मुलगा आहे. मी त्याला उगाच बोललो.

नंबर सगळे परत आले. कॉलची यादी आली नाही. तिच्यात खाली, खूप खाली, रुपालीचा शेवटचा कॉल होता. दिवाळीच्या आधीच्या रविवारचा. मी तो कधी कधी बघायचो. तपासाचा भाग म्हणून.

२० एप्रिल, रविवार

फोन नाही. एका आठवड्यावर निकाल लावणं चूक ठरेल. जुन्या व्हर्जनला स्थिरावायला वेळ द्यायला हवा.

२७ एप्रिल, रविवार

सकाळपासून फोन समोर टेबलावर. चार्जिंग पूर्ण, रेंज पूर्ण, आवाज पूर्ण. व्हर्जन दिवाळीच्या आधीचं. आता तपासायचं काही उरलेलं नाही.

तिची वेळ झाली. गेली. गोडाऊनवाल्यांचा आला, मी उचलला नाही. दुपार झाली. रतननं ताट वाढलं, मी नको म्हटलं, तिनं झाकून ठेवलं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मी लावला.

पहिल्याच रिंगला उचलला. मी हॅलो म्हणायच्या आत तिकडून आवाज आला, जय भीम दादा, कोण गेलं?

मला समजलंच नाही. पुन्हा म्हणाली, कोण गेलं, सांग की. जानूआबा का?

तेव्हा उमगलं. मी तिला आयुष्यात लावलेले फोन आठवायला लागलो. बाबा गेले तेव्हा लावला होता. काकू गेली तेव्हा. आईच्या वेळी लावावा लागला नाही, कारण आई तिच्याच घरी, तिच्याच हातावर गेली, आणि फोन तिनं मला केला होता.

म्हटलं, नाही गं, कुणी नाही गेलं. सगळे बरे आहेत.

म्हणाली, मग काय, अजून सही ऱ्हायलीया व्हय कुटं? येते म्हनावं. उद्या जमंल.

रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर काहीतरी बोलता आलं असतं. अंगणवाडीचं काम सांगावं तशी साधी म्हणाली.

म्हटलं, सही नको. फोन टेस्ट करत होतो.

म्हणाली, झाला का? म्हटलं, झाला. म्हणाली, आवाज येतूया? म्हटलं, स्वच्छ येतोय.

बरं, म्हणाली. पण ठेवला नाही. मीही ठेवला नाही. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी दार लावलं. जमिनीचं बोलायचं अगदी ओठांपर्यंत आलं होतं. तिच्या सहीचा कागद रद्द करता येतो का ते विचारून ठेवतो, एवढंच वाक्य होतं. फार मोठं नव्हतं. मी ते जुळवत होतो. आणखी एक शिट्टी झाली. भात लागंल दादा, म्हणाली, आणि ठेवला.

रतन दारात उभी होती. विचारलं, काय म्हणाल्या ताई? मी सांगायला गेलो आणि मला रडू आलं. आई गेली तेव्हाही मी रतनसमोर रडलो नव्हतो. ती जवळ येऊन बसली. बऱ्याच वेळानं उठून तिनं ताट गरम करून आणलं.

म्हणाली, जेवून घ्या आता. आज काय त्यांचा यायचा नाही.

जेवलो.